घर विसरत नाही

चंद्रपूर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोठीआई,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे. कोरपन्याला आईही बरी आहे, तिची कंबर आता दुखत नाही. मी हे पत्र लिहिते आहे हे तिला माहीत नाही, आणि यात काय आहे तेही माहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस, पण उचलला असतास तरी मी पत्रच लिहिलं असतं. पत्र पुन्हा वाचता येतं. चष्मा लावून, सावकाश वाच. एकटीने वाच. शेजारच्या सुगंधाबाईंकडून वाचून घेऊ नको.

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. डिसेंबरात आमच्या कंपनीने तुझ्या घरी बोलकी पेटी बसवली. घर मी सुचवलं होतं. कागदावर सही तू केलीस.

२. सुरुवातीला पेटीला तुझं बोलणं समजत नव्हतं.

३. नंतर दुरुस्ती केली. पेटीला तुझं बोलणं समजू लागलं.

४. पेटीने दिवे, पंप, बी.पी.ची गोळी आणि वडशाच्या बसची वेळ ही कामं केली. तू तिच्याशी इतर गोष्टीही बोललीस.

५. १९ जानेवारीला पाहुणे आले. ठरलेली सगळी कामं झाली. एका साहेबांनी तुला तुझ्या मुलाचं नाव विचारलं. ते पेटीने सांगितलं.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पेटीवर तू अजूनही मोठेबाबांचा दुपट्टा टाकून ठेवला आहेस, असं सुगंधाबाई फोनवर म्हणाल्या.

७. १६ फेब्रुवारीला इथे कंपनीचा मोठा कार्यक्रम आहे. त्यात तुझ्या घराची फिल्म दाखवणार आहेत.

मी कामाचे अहवाल असेच लिहिते. कोणी काय केलं हे न सांगता काय झालं तेवढंच सांगायचं. वाचणाऱ्याला शंका येत नाही आणि लिहिणाऱ्यावर काही येत नाही.

आमच्या ऑफिसात भिंतभर एक चित्र आहे. पांढऱ्या सोफ्यावर एक म्हातारी बाई बसली आहे. तिच्या आजूबाजूला घर आपोआप चाललं आहे: दिवे लागतात, खिडकीचा पडदा सरकतो, गोळीची आठवण येते, दूरचा मुलगा भिंतीवर दिसतो. वर लिहिलं आहे, ‘उद्याचं घर’. त्या घरात झाडू नाही, भांडी नाहीत, आणि त्या बाईशिवाय दुसरं माणूस नाही. मला ते चित्र आवडायचं. खरं सांगायचं तर दुसरं माणूस नाही, हेच जास्त आवडायचं. कोणावर ओझं नाही, कोणाची वाट पाहणं नाही. मला वाटायचं, मी म्हातारी होईन तेव्हा असंच राहीन.

आमचे कुलदीप सर म्हणाले, हे चित्र शहरात सगळ्यांनी पाहिलंय, आता गावात दाखवायचं. खरं घर पाहिजे, खरी बाई पाहिजे. मी तुझं नाव दिलं. तू एकटी राहतेस, अंगणवाडीत नोकरी केलेली, लिहिता-वाचता येतं, घर पक्कं आहे, वीज असते. अर्जात ही सगळी कारणं लिहिली होती. तू माझी मोठीआई, सख्खी थोरली काकू आहेस, हे लिहिलं नव्हतं.

पेटी बसवली तो दिवस तुला आठवत असेल. मी खिळा बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या रांगेत ठोकला, तर तू म्हणालीस, “यायच्या रांगीत नोको लावू वं. खाली लाव. तिनं अजून काय केलं आहे?” मी पेटी खाली घेतली. मग वानरांनी कौलांवरचा अँटिना मोडला, म्हणून मी तार पेरूच्या झाडावरून आत आणली. मग पेटीने पंप सुरू केला तो बंदच केला नाही, आणि घरामागच्या सांदवाडीत चिखल झाला. तेव्हा सुगंधाबाई कुंपणावरून म्हणाल्या होत्या, “रुखमाबाई, रोवणा करतेस का आता? धान टाकू का?”

तुझं बोलणं तिला कळत नव्हतं, हे तर खरंच. पेटी पुस्तकी मराठी शिकलेली होती. तू म्हणायचीस, “बत्ती लाव.” ती म्हणायची, “माफ करा, मला समजलं नाही.” तू म्हणायचीस, “माफी कायची मागते? बत्ती लाव!” शेवटी तू उठून बटण दाबायचीस. तुला ओरडावं लागे आणि ओरडलं की तुला खोकला येई. मी सरांना कळवलं की हे जानेवारीपर्यंत जमणार नाही, यंत्राला तिकडची बोली शिकवायला निदान दोन वर्षं लागतील. मी ‘तिकडची’ असंच लिहिलं, ‘आमच्याकडची’ नाही.

सर म्हणाले, १९ तारखेचा कार्यक्रम होईपर्यंत तू मागून चालव.

आता क्रमांक ३ नीट लिहिते. दुरुस्ती झाली नाही. पेटीला तुझं बोलणं कधीच समजलं नाही. ते मला समजत होतं. मी कोठीत, धानाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून बसायचे. पेटीत कॅमेरा आणि माइक आहे, त्यातून मला तू दिसायचीस, ऐकू यायचीस. मी उत्तर टाइप करायचे आणि पेटी ते तिच्या आवाजात म्हणायची. दिवे आणि पंपही मीच लावत होते. तू मला विचारलंस की दिवसभर कोठीत काय करतेस, तर मी म्हणाले, “ऑफिसचं काम.”

आमच्या अभ्यासात या पद्धतीला मान्यता आहे. यंत्र तयार व्हायच्या आधी ते कसं असावं हे पाहायला माणूस मागे बसतो. अट एकच असते: काम संपलं की समोरच्याला सांगायचं. ती अट मी पाळली नाही.

मोठीआई, आता तू इथे थांबलीस तर मला समजेल. पण पुढचं वाचायचं राहिलं तर मला जे सांगायचं आहे ते राहून जाईल, म्हणून थोडा वेळ थांबून, चहा पिऊन, पुन्हा वाच.

मी लहानपणापासून तुझ्याशी कमी बोलत आले. शिकायला नागपूरला गेले तेव्हा वसतिगृहात माझ्या ‘मले-तुले’वर मुली हसल्या, आणि मी ते बोलणं बंद केलं. एका महिन्यात बंद झालं. घरी आल्यावरही परत सुरू झालं नाही. पण कोठीत बसून टाइप करताना मला तसंच लिहावं लागलं, कारण तू पेटीशी तसंच बोलायचीस. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, “काय वं, झोपली का?” मी लिहिलं, “नाई, जागीच आहो.” तू एवढी हसलीस की हातातलं सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, “हां! आता कशी माणसावानी बोलली!”

त्या दिवशी मी जेवायला बाहेर आले तेव्हा तू मला म्हणालीस, “तुह्यापक्षा तुही पेटी बरी. दोन शब्द त बोलते. तू आल्यापासून नुसती हो अन नाही, हो अन नाही.”

मी म्हणाले, “हो.”

सुगंधाबाई आल्या होत्या, आठवतं? दारातूनच म्हणाल्या, “ये पेटीबाई, माहा बुढा कवा सुधरन, सांग बरं.” मी लिहिलं, “त्याचं औषध माह्याजवळ नाई, बाई.” त्या ओसरीत बसून पदर तोंडावर घेऊन हसल्या. दुसऱ्या दिवशी टोल्यातली अर्धी वस्ती पेटीला काही ना काही विचारायला आली. मी कोठीत एकटी हसत होते. इतकी माणसं माझ्याशी इतकं मोकळं यापूर्वी कधी बोलली नव्हती.

मग ती दुपार. तू लाखोळीची डाळ निवडत होतीस. मधेच थांबलीस. पेटीकडे न पाहता म्हणालीस, “एक सांगू? तू कोणाले सांगत त नाई?”

मी लिहिलं, “नाई सांगत.”

तू आवाज बारीक केलास. म्हणालीस, “ते पोट्टी कानात खुट्या घालून बसली आहे. तिले नाई ऐकू येत.” आणि मग तू सांगितलंस. आदल्या दिवशी फोटो पुसताना तुला मोठेबाबांचं नाव आठवलं नाही. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी तू फोटोकडे पाहत उभी राहिलीस. नाव आलं ते भांडी घासताना, आपोआप. आधीही असं झालं होतं. एकदा किराणा घेऊन येताना तू आपलंच घर ओलांडून बोडीच्या पाण्यापर्यंत गेलीस, आणि कोणी पाहिलं तर म्हणून बोडीवर पाय धुऊन परत आलीस.

मी विचारलं, “तुह्या पोराले, अश्वजितले सांगितलं का?”

तू म्हणालीस, “त्याले सांगितलं त तो उद्या येईन अन मले पुण्याले घेऊन जाईन. तिथी मी चुकली त कोण आणून सोडन? इथी कोणी ना कोणी म्हणन, अवं, रुखमाबाई, कुठी चालली? घर इकडं आहे.” मग डाळीत हात घालून म्हणालीस, “माणसाइले सांगितलं का ते आपल्याकडं वेगळंच पाहतेत. तुले डोळेच नाईत. म्हणून तुले सांगून राह्यली.”

पेटीला डोळे होते, मोठीआई. मी तुला पाहत होते.

मी लिहिलं, “घाबरू नोको. मी आहो.”

तुझ्या आणि माझ्या मधे कोठीचं दार होतं. त्याला आतून कडीसुद्धा नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. मी उठून बाहेर आले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मी थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, “चहा मिळेल का?” तू म्हणालीस, “ठेवते.” चहात साखर नव्हती. मी तसाच प्याले.

दुसऱ्या दिवसापासून तू पेटीबरोबर तालीम सुरू केलीस. तू सकाळी झाडलोट झाली की पाटावर बसून नावं म्हणायचीस. हरिदास. अश्वजित. नातीचं नाव. तुझ्या बहिणींची नावं, मोठीपासून लहानीपर्यंत. अंगणवाडीतल्या पहिल्या तुकडीची मुलं. तू पेटीला सांगितलंस की मोठेबाबा नाटकाच्या पार्टीत प्रॉम्टर होते. तालमीला वेळच नसायचा, चार-दोन दिवसांत नाटक उभं करायचं, मग विंगेत वही घेऊन बसलेल्या माणसावरच सगळा खेळ. तू म्हणालीस, “माहा माणूस कवाच घाई नाई करे. नट अटकला का लगेच नाव नाई फेकायचं. त्याचा दम पाह्यचा. त्याच्या तोंडात येऊन राह्यलं असन त येऊ द्याचं. नाईच आलं तवा द्याचं, अन असं द्याचं का फक्त त्यालेच ऐकू येईन. लोकाइले ऐकू गेलं त नटाची इज्जत गेली. तू बी तसंच कर.”

मी तसंच केलं. तू अडकलीस की मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबायचे. तू डोळे मिटायचीस, मान थोडी डावीकडे करायचीस. पुष्कळदा नाव यायचं. नाहीच आलं तर तू पेटीकडे पाहून हनुवटी जराशी वर करायचीस, म्हणजे ‘दे’. मग मी पेटीचा आवाज लहान करून द्यायचे. हे मला फार चांगलं जमत होतं. मी आजवर केलेल्या कामात सगळ्यांत चांगलं काम ते होतं, आणि ते कुठल्याही अहवालात नाही.

१९ जानेवारीला काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू ते समोरून पाहिलंस आणि मी मागून.

अंगणात मांडव होता. मांडवावर ‘उद्याचं घर, आज’ असं लिहिलेलं. तू जांभळ्या काठाची साडी नेसली होतीस. मी कोठीत होते. कुलदीप सर माझ्या कानात बोलत होते. बत्ती झाली, पंप झाला, गोळी झाली, बस झाली. लोक खूश होते. मग मुंबईचे ते मोठे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले आणि ठरलेलं नसताना म्हणाले, “आजी, मुलगा काय करतो? नाव काय त्याचं?”

तू तोंड उघडलंस आणि थांबलीस. डोळे मिटलेस. मान डावीकडे केलीस.

तू हनुवटी वर केली नव्हतीस. हे मला स्पष्ट दिसत होतं. तुझ्या तोंडात नाव येत होतं. अजून थोडं थांबले असते तर आलं असतं. नसतं आलं तरी तू काहीतरी म्हणून निभावून नेलं असतंस, ‘पुण्याले राह्यते माहा पोरगा’ एवढं म्हणाली असतीस. पण सर कानात म्हणाले, “गॅप पडतोय, गॅप पडतोय.” आणि मी टाइप केलं. आवाज मांडवाच्या स्पीकरवर होता. सगळ्या टोल्याला ऐकू गेलं, “अश्वजित. तुह्या पोराचं नाव अश्वजित.”

आधी लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. सर माइकवर म्हणाले, “पाहा! माणूस विसरतो, घर विसरत नाही!” सुगंधाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या तुझ्याकडे पाहत होत्या. तू म्हणाली होतीस तसं, वेगळंच.

तू म्हणालीस, “हाव. अश्वजित.” आणि उरलेली कामं एकही चूक न करता पार पाडलीस. पाहुण्यांना हात जोडलेस. मग मला म्हणालीस, “पाहुण्याइले वाढ.” मी वाढलं.

मांडवातली प्रत्येक वस्तू खरी होती. दिवा खरा लागला, पाणी खरं आलं. जे खोटं होतं ते सगळ्यांत जास्त आवडलं. साहेब जाताना म्हणाले, हे तर घरातल्या माणसासारखं बोलतं. सर म्हणाले, हेच तर भविष्य आहे. त्या रात्रीपासून मी याचाच विचार करते आहे. कदाचित दोन-चार वर्षांनी यंत्राला खरंच तुझं बोलणं समजेल. ते काम वाईट नाही, मी ते सोडणारही नाही. पण आम्ही मांडवात उद्याचं म्हणून जे दाखवलं ते उद्याचं नव्हतं. कोणीतरी जवळ बसायचं, दम पाहायचा, नाव द्यायचं, हे तुझ्या घरात मोठेबाबांच्या वेळेपासून होतं. मी त्याच्यावर पेटी ठेवली आणि स्वतः आत लपले. आणि ज्या एका वेळी थांबायचं होतं त्या वेळी थांबले नाही.

अजून एक गोष्ट आहे. ती मी वर दोनदा लिहिता लिहिता टाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन निघाले तेव्हा तू दारात होतीस. पेटीवर दुपट्टा टाकलेला होता. तू मला म्हणालीस, “तुही पेटी चुगलखोर निघाली वं. तिनं कबूल केलं होतं.”

त्या वेळी मी सांगू शकत होते. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, “सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करू.”

तू म्हणालीस, “कर.” आणि माझ्या बॅगेत मोहाच्या फुलांचे लाडू ठेवलेस.

ते लाडू तसेच आहेत. मला ते खाता येत नाहीत.

इथे आल्यावर दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की तुला ठाऊक असेल. प्रॉम्टरच्या बायकोला मागचा माणूस ओळखू येणारच, आणि तू सगळं समजून मला सांभाळून घेतलंस. तसं असतं तर माझं ओझं कमी झालं असतं. पण तसं नाही. तुला ठाऊक असतं तर तू बोडीवर पाय धुतल्याची गोष्ट कधीच सांगितली नसतीस, मला तर नाहीच. तू फसलीस आणि मी फसवलं. हे मी हलकं करून लिहिणार नाही.

आता फिल्मचं. तिचं नावच ‘घर विसरत नाही’ आहे. मी ती पाहिली. सुरुवातीलाच तू डोळे मिटून थांबलेली आहेस, मोठ्ठी, पडदाभर, आणि मग ते नाव येतं. मी सरांना म्हणाले, हा भाग काढा. ते म्हणाले, फिल्मचा जीवच तो आहे, आणि आजींची सही आहे आपल्याकडे. मी म्हणाले, त्या आजी माझ्या मोठीआई आहेत आणि पेटी मी चालवत होते. ते म्हणाले, “म्हणूनच सांगतो, शांत राहा. यात तुझंच नाव खराब होईल.” कार्यक्रमाला अश्वजितदादाला पुण्याहून बोलावलं आहे. त्याला मंचावर बसवणार आहेत. त्याला अजून काहीच माहीत नाही. तो खुशीने येतो आहे.

पेटी माणूस चालवत होता, हे मी कंपनीला लेखी दिलं आहे. ती माझी बाजू झाली. त्याचं जे व्हायचं ते होईल. पण तुझा चेहरा आणि तुझं थांबणं तुझं आहे. सहीच्या कागदात एक ओळ आहे: सही करणारीने स्वतः लेखी नकार दिला तर तिचं चित्रण वापरता येणार नाही. माझ्या नकाराला तिथे किंमत नाही. तुझ्या नकाराला आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारते. मी तुझ्या वतीने उत्तर देणार नाही, सुचवणारही नाही.

फिल्ममध्ये तो भाग राहू द्यायचा की नाही?

अश्वजितदादाला तू सांगशील, मी सांगू, की कोणीच सांगायचं नाही? पेटीने तुला कबूल केलं होतं, म्हणजे मी केलं होतं. मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मांडवात जे ऐकू गेलं ते गेलं, पण बोडीची गोष्ट अजून तुझ्या-माझ्यातच आहे. विसरण्याची कारणं वेगवेगळी असतात, एवढं मात्र मी वाचून काढलं आहे. काहींवर साधी गोळी किंवा इंजेक्शन असतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. ब्रह्मपुरीला तपासणी होते. तू म्हणशील तर मी सोबत येईन, आणि कोणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसाठी गेलो होतो असं सांगू.

तिसरी गोष्ट. १७ तारखेपासून माझी सुट्टी आहे. कार्यक्रमानंतर नोकरी राहिली नाही तर सुट्टी आणखी मोठी होईल. मी यायचं का? येऊन पेटी काढून नेईन. कोठीत बसणार नाही. सकाळी झाडलोट झाली की तुझ्यासमोर पाट टाकून बसेन, आणि तू हनुवटी वर करेपर्यंत तोंड उघडणार नाही. तू ‘येऊ नको’ म्हणालीस तर पेटी न्यायला दुसरं कोणी येईल, त्याला घरात घ्यायचीही गरज नाही, सुगंधाबाईंकडे देऊन ठेव.

सोबत पत्ता घातलेलं पाकीट आहे, तिकीट लावलेलं. एक कोरा कागदही आहे. फिल्मबद्दल नकार द्यायचा असेल तर त्यावर ‘नाही’ एवढं लिहून खाली सही आणि तारीख टाक. बाकीच्या दोन गोष्टींचं उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहिलंस तरी चालेल, किंवा लिहू नकोस.

मोठीआई, हे मी माह्या हातानं लिहून राह्यली. इथी पेटी नाई. मले माफ कर असं म्हणाची हिंमत नाई होऊन राह्यली, म्हणून म्हणत नाई.

बुधवार, १२ फेब्रुवारीपर्यंत उत्तर माझ्या हाती पडेल असं पाठव.

तुझ्या कोठीत बसलेली,
संघप्रिया